जर्मन म्हणजे शर्मन नव्हे

'जर्मन हा शर्मनचा अपभ्रंश, डॉइच म्हणजे दैत्य आणि स्कँडिनेव्हिया ही स्कंदाची भूमी' असा मजकूर व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. आजवर त्याकडे दुर्लक्ष केले. परंतु जर्मन शिकणाऱ्या माझ्या पुतणीने तो गेल्या आठवड्यात आपल्या निबंधात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा गप्प बसवेना.

शर्मन (ब्राह्मणांच्या नावापुढे लागणारे उपपद) आणि जर्मन यांत साम्य भासते ते केवळ इंग्रजी उच्चारामुळे. मूळ लॅटिन शब्द 'गेर्मानी' असा आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमारास लिहिलेल्या 'जर्मानिया'त हे नाव अलीकडचे असल्याचे म्हटले आहे. ऱ्हाइन ओलांडून गॉल लोकांना हुसकावणाऱ्या, पुढे तुंग्री म्हणवल्या गेलेल्या एकाच टोळीचे ते नाव होते आणि मागाहून सर्वांना चिकटले, असे तो नोंदवतो. जर्मन लोक तर स्वतःला 'डॉइच' म्हणतात.

आणि हा डॉइच म्हणे दैत्य! एकच लोक ब्राह्मणही आणि दैत्यही कसे, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. डॉइचचे जुने रूप 'दिउतिस्क', अर्थ 'लोकांचे'. जर्मनच्या नात्यातल्या गॉथिक या जुन्या भाषेत 'थिउदा' म्हणजे लोक. शिवाय संस्कृत 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट' आणि जर्मनमध्ये 'त्स' येतो: दन्त, टूथ, त्सान; दश, टेन, त्सेन. दैत्य खरोखर त्या घराण्यातला असता, तर जर्मनमध्ये त्याची सुरुवात 'त्स'ने झाली असती. दहापर्यंतचे आकडे पुतणीला पहिल्याच आठवड्यात शिकवले होते.

स्कंदाबद्दल काय बोलावे? रोमन लेखक प्लिनीच्या ग्रंथात ते नाव 'स्कातिनाविया' असे येते. त्यात स्कंदातला 'द'आधीचा 'न'च नाही.

संस्कृत आणि जर्मॅनिक भाषा नात्यातल्या आहेत, एवढे मान्य करावे लागेल. भाषाभ्यासक विल्यम जोन्सने १७८६ साली कोलकात्यात तेच सुचवले होते. पण हे नाते चुलत भावंडांचे आहे. उत्तर जर्मनी आणि जटलंड परिसरात इ. स. पू. सहाव्या शतकापासून दिसणारी यास्टोर्फ संस्कृती सर्वसाधारणपणे आरंभीच्या जर्मॅनिक लोकांची मानली जाते. पुढे भाषेच्या तीन शाखा झाल्या, त्यांपैकी गॉथिकची पूर्व शाखा लोपली, उत्तरेची स्वीडिश-डॅनिशमध्ये आणि पश्चिमेची इंग्रजी, डच व जर्मनमध्ये टिकली.

मजकुराची शेवटची ओळ मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही: 'म्हणूनच त्यांच्यात शुद्ध आर्यरक्त आहे.' स्वतःला आर्य म्हणवले ते वैदिक आणि प्राचीन इराणी लोकांनी. जर्मॅनिक लोकांना ते बिरुद एकोणिसाव्या शतकातील युरोपीय लेखकांनी चिकटवले, आणि त्याच शब्दाच्या नावाखाली नाझींनी सुमारे ६० लाख ज्यू मारले.