एकच वाक्य, वाशीत आणि ठाण्यात

गेल्या दोन रविवारी मी एकच नाटक दोनदा पाहिले. आधी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात आणि नंतर आमच्या ठाण्यात, तलावपाळीच्या गडकरी रंगायतनात. दुसऱ्या अंकात, रात्री उशिरा घरी आलेल्या मुलाला आई एवढेच म्हणते, "जेवण झाकून ठेवलंय." वाशीत या वाक्यावर हशा पिकला, कारण आधीच्या प्रवेशातले भांडण प्रेक्षकांच्या मनात ताजे होते, आणि आईचे काम करणाऱ्या अभिनेत्रीने तो हशा ओसरेपर्यंत हातातली पळी तशीच धरून ठेवली. ठाण्यात त्याच वाक्याला कुणीही हसले नाही. तिने ती शांतता ओळखली, पळी खाली ठेवली, पातेल्यावरचे झाकण उगीचच एकदा सरळ केले आणि पुढचे वाक्य जवळजवळ पुटपुटल्यासारखे घेतले. संहिता तीच, नेपथ्य तेच, नटसंचही तोच; पण वाशीतली आई वैतागलेली होती आणि ठाण्यातली थकलेली.

घणसोलीला राहणारी माझी धाकटी बहीण मला म्हणाली, "ताई, मोबाइलवर चित्रीकरण येईलच की. एकाच नाटकावर दोन-दोन रविवार कशाला घालवतेस?" तिचा प्रश्न सरळ होता आणि त्याला नीट उत्तर द्यावे असे मला वाटते. चित्रीकरण ही नाटकाची नोंद असते आणि तिचे मोल मी कमी मानत नाही. आपल्या जन्माआधीच्या नटांची कामे आज पाहायला मिळतात ती तिच्यामुळेच. मात्र नोंद पाहणाऱ्याच्या हसण्याने किंवा गप्प राहण्याने त्या पळीचे काहीच होत नाही. नाटकाला आपण जिवंत कला म्हणतो ते केवळ समोर हाडामांसाची माणसे उभी असतात म्हणून नव्हे, तर पाहणाऱ्याच्या असण्याने ती माणसे दर वेळी थोडी वेगळी वागतात म्हणून. मराठीत नाटकाचा 'प्रयोग' होतो आणि आपण प्रयोग मोजतो, शंभरावा, पाचशेवा, हजारावा, यामागे हीच जाणीव आहे असे मला वाटते.

नाटकाच्या उगमाकडे पाहिले की हे अधिकच पटते. काही वर्षांपूर्वी मी मोखाड्याकडे बोहाडा, म्हणजे देवादिकांची सोंगे नाचवण्याचा आदिवासींचा उत्सव, पाहिला. तो भाग आता पालघर जिल्ह्यात येतो, पण 2014 पर्यंत तो आमच्याच ठाणे जिल्ह्याचा होता. टेंभ्यांचा उजेड, संबळाचा ठेका, आणि मुखवटा चढवलेले एकेक सोंग नाचत नाचत माणसांच्या दोन रांगांमधून पुढे येते. आधी गणपती, मग सरस्वती, आणि त्यानंतर बाकीची सोंगे. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी गणपतीचे सोंग समोर येताच हात जोडले आणि ते पुढे सरकल्यावर नातवाला हळूच सांगितले की आत आपला काका आहे. त्यांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या, आणि माझ्या मते नाटकाचा जन्म नेमका तिथे होतो. सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले तेव्हाही आरंभी गणपती आणि सरस्वती येतच होत्या. सूत्रधार पदे गाई आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. कोकणातले दशावतारी आजही लिखित संहितेवाचून रात्र जागवतात. कागदावरचे नाटक पुष्कळ नंतरचे, समोरासमोर येणे आधीचे. ग्रीसमध्येही शोकांतिका डायोनायसस या देवाच्या उत्सवातल्या समूहगानातून निघाली असे ॲरिस्टॉटलने नोंदवले आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रातली पहिल्या प्रयोगाची कथा मला यासाठीच फार महत्त्वाची वाटते. इंद्राच्या ध्वजमहोत्सवात देवांनी दैत्यांचा पराभव केल्याचे नाट्य चालू होते आणि ते पाहायला दैत्यही आले होते. त्यांना ते सहन झाले नाही; त्यांच्या बाजूच्या, विघ्न नावाच्या दुष्ट शक्तींनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती जखडून टाकली. इंद्राने ध्वजाच्या दांड्याने विघ्नांना झोडपले, ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधून घेतले आणि मग दैत्यांचीही समजूत काढली की हे नाट्य साऱ्या त्रैलोक्याचे आहे, एकट्या देवांचे नव्हे. म्हणजे आपल्या परंपरेतला अगदी पहिला प्रयोगच प्रेक्षकांनी बंद पाडलेला आहे! प्रेक्षकाची ताकद याहून स्पष्ट शब्दांत कुणी मांडली असेल असे मला वाटत नाही.

तोच ग्रंथ पुढे नाट्यगृहाची मापे देतो. माणसांसाठी 64 हात लांब आणि 32 हात रुंद एवढे पुरे. त्यातला पुढचा अर्धा भाग प्रेक्षकांचा. दीड फुटाचा हात धरला तर शेवटच्या रांगेतला माणूसही रंगमंचापासून जास्तीत जास्त 48 फुटांवर येतो. कारणही तिथेच दिले आहे: यापेक्षा मोठ्या वास्तूत आवाज विरून जातो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसेनासे होतात. एपिडॉरससारख्या ग्रीक रंगस्थळी बारा-चौदा हजार माणसे डोंगरउतारावर बसत आणि नट मुखवटे घालत. भरताला मात्र भुवई हललेली दिसायला हवी होती. प्रयोग साधला की नाही हे ठरवतानाही तो प्रेक्षकांचे स्मित, हसू, 'साधु' असा उद्गार, अंगावरचे रोमांच या सगळ्याची दखल घेतो.

म्हणूनच सभागृहात मोबाइल उघडणे हा माझ्या दृष्टीने केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. त्या रविवारी ठाण्यात, ती शांतता अजून टिकून असताना, माझ्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी फोन वर धरून चित्रीकरण सुरू केले. त्या चौकोनी उजेडाकडे आमच्या आजूबाजूच्या दहा-बारा जणांचे डोळे वळले आणि झाकण सरळ करणारा तो हात त्यांच्यापैकी कुणीच पाहिला नाही. तिसऱ्या घंटेआधी फोन बंद ठेवण्याची विनंती झाली होती, आणि ती सगळ्यांनी ऐकलीही होती. फोन वर धरणाऱ्या माणसाकडे नंतर पाहण्यासाठी काहीतरी उरते. पण त्या क्षणी नटीला हवा असलेला एक प्रेक्षक कमी झालेला असतो, आणि त्याच्या मागे बसलेले आणखी दहाही.

पुढच्या महिन्यात त्याच नाटकाचा प्रयोग कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिरात आहे. मी पुढच्या रांगेतली दोन तिकिटे काढली आहेत, दुसरे बहिणीसाठी. "जेवण झाकून ठेवलंय" या वाक्याला कल्याणकर काय करतात, ते तिने स्वतः पाहावे.