विजेत्याच्या हँडिकॅपमधील कपात : एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया परखड आणि सविस्तर आहे, तेव्हा तिची बोळवण दोन ओळींत करणे योग्य नाही. मित्रांनी मिळून चालवलेल्या गोल्फ मंडळाविषयीच्या लेखात मी असे सुचवले होते की, सभासदांचा अधिकृत हँडिकॅप इंडेक्स (कमी कुशल खेळाडूला बरोबरीसाठी एकूण फटक्यांतून किती सूट मिळावी याचा आकडा) आधाराला घेऊन मंडळाने आपल्यापुरता एक वेगळा हँडिकॅप ठेवावा, आणि प्रत्येक स्पर्धेनंतर विजेत्याचे दोन व उपविजेत्याचा एक फटका त्यातून कमी करावा. यावर आपले म्हणणे असे की, ही चांगल्या खेळाला दिलेली शिक्षा असून जागतिक पद्धतीत तिला थारा नाही. मित्रांच्या खेळात चेंडू शोधण्याच्या वेळेपासून आगाऊ पैशांपर्यंत सगळे नियमात बांधणे हा अतिरेक आहे. आणि शेवटी ही सारी एका माणसाची मनमानी ठरते. यांतला पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे.

2020 पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या 20 खेळींपैकी सर्वोत्तम 8 खेळींची सरासरी धरली जाते. म्हणजे खेळाडू एरवी कसा खेळतो यापेक्षा, हात चांगला लागला तर तो कुठवर जाऊ शकतो, हे इंडेक्स सांगतो. मोजमाप म्हणून ही पद्धत उत्तम आहे. मात्र ती मुद्दामच सावकाश हलते. समजा, 18.4 इंडेक्स असलेला एक सभासद 125 स्लोप (सामान्य खेळाडूला मैदान किती अवघड याचा आकडा; 113 हा प्रमाण), 71.3 कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूकडून अपेक्षित फटके) आणि 72 पार (मैदानासाठी ठरवलेले फटके) असलेल्या मैदानावर खेळतो आहे. 18.4 ला 125 ने गुणून 113 ने भागले की 20.35 येतात, रेटिंग पारपेक्षा 0.7 ने कमी असल्यामुळे तेवढे वजा होऊन 19.65 उरतात, आणि वैयक्तिक स्टेबलफोर्डसाठी (प्रत्येक होलमागे गुण मोजण्याच्या पद्धतीसाठी) शिफारस केलेले त्याचे 95 टक्के घेतले की त्याच्या वाट्याला 19 फटके येतात. स्टेबलफोर्डमध्ये नेट पारला, म्हणजे सूट वजा करून पारइतके फटके झाले तर, 2 गुण असल्याने हँडिकॅपइतकाच खेळ झाला तर बेरीज 36 होते. आपल्या या सभासदाने 87 फटक्यांत फेरी संपवली, 40 गुण मिळवले आणि स्पर्धा जिंकली. या फेरीचा डिफरन्शियल (मैदानाचा अवघडपणा धरून काढलेला फेरीचा आकडा) सुमारे 14.2 येतो, म्हणजे इंडेक्सपेक्षा चारांहून अधिक चांगला. पण आठ खेळींच्या सरासरीत शिरताना तिचा परिणाम आठाने भागला जातो आणि इंडेक्स बहुधा एका फटक्यानेही खाली येत नाही. पुढच्या स्पर्धेत हा गृहस्थ जवळजवळ तेवढेच फटके पदरात घेऊन पहिल्या टीवर (खेळ सुरू करण्याच्या जागेवर) उभा राहतो.

शंभर खेळाडूंच्या क्लबात याने काही बिघडत नाही, कारण तिथे अशी फेरी कुणा ना कुणाची रोजच जमून येते. बारा-सोळा जणांच्या मंडळात मात्र सुधारत असलेला एकच खेळाडू सलग तीन-चार स्पर्धा मारून नेतो, आणि मग उरलेल्यांना नेमकी त्याच रविवारी महत्त्वाची कामे निघू लागतात. मंडळे भांडणाने क्वचितच मोडतात. ती गळतीने मोडतात. इंडेक्सचे काम मोजण्याचे आहे आणि मंडळाच्या कपातीचे काम चुरस राखण्याचे. दोन्हींना एकच फूटपट्टी लावली की कपात अन्यायाची वाटणारच. शिवाय जागतिक पद्धतीत असे काही नाहीच, हे आपले विधान पूर्णपणे बरोबर नाही. एखाद्या फेरीचा डिफरन्शियल इंडेक्सपेक्षा 7.0 किंवा त्याहून अधिक खाली आला तर सरासरीखेरीज आणखी एक फटका कमी केला जातो, आणि फरक 10.0 वा त्याहून जास्त असेल तर दोन. अपवादात्मक खेळ निव्वळ सरासरीवर सोडू नये, हे त्या पद्धतीलाही मान्य आहे. मंडळ तोच उंबरठा आणखी खाली आणते, एवढाच भेद.

वादळी वाऱ्याच्या दिवशी 31 गुणांवर जिंकलेल्याचेही दोन फटके का कापावेत, हा आपला प्रश्न मात्र रास्त आहे. सरसकट दोन हा आकडा नव्या मंडळाला लक्षात ठेवायला सोपा म्हणून दिलेला आहे. हिशेबाची आवड असलेला एखादा सभासद हाताशी असेल तर कपात गुणांशी बांधावी : विजयाचा एक फटका, आणि 36 च्या वरच्या प्रत्येक गुणामागे अर्धा. अशाने 31 गुणांच्या विजेत्याचा एक फटका जातो आणि 40 वाल्याचे तीन. त्यानंतर ज्या ज्या स्पर्धेत तो पहिल्या दोघांत येणार नाही, त्या प्रत्येक वेळी अर्धा फटका परत द्यावा. ही परतफेड आवश्यक आहे. तिच्याविना चार वर्षांपूर्वीचा विजेता आजही जुनी शिक्षा भोगत राहतो. आणि यातले काहीही अधिकृत इंडेक्सला शिवता कामा नये. अधिकृत नोंदीसाठी कार्ड द्यायचे असेल तर ते खरे फटके आणि खरा हँडिकॅप घालूनच द्यावे.

आता नियमांविषयी. गोल्फचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम 1744 चे आहेत. ते तेरा आहेत, आणि स्कॉटलंडमधील एडिनबरो शहराने दिलेल्या चांदीच्या क्लबसाठी (गोल्फच्या काठीसाठी) लीथच्या मैदानावर जी स्पर्धा झाली, तिच्यासाठी ते लिहिले गेले. खेळणारे एकमेकांच्या ओळखीचेच होते. परक्यांशी खेळताना नियमांवर बोट ठेवणे सोपे असते; मित्राला ‘हा फटका धरावा लागेल’ असे तोंडावर सांगणे जड जाते, म्हणून ते आधी कागदावर असलेले बरे. अठराव्या ग्रीनवर (होलभोवतीच्या हिरवळीवर) हातभर अंतराचा पट (चेंडू होलमध्ये ढकलण्याचा फटका) राहिला की कुणीतरी ‘राहू दे, उचल’ म्हणतो, आणि उचलणारा उचलतो. मॅच प्लेमध्ये (होलनिहाय समोरासमोरच्या सामन्यात) असा पट प्रतिस्पर्ध्याला सोडता येतो, स्टेबलफोर्डमध्ये नाही. तिथे चेंडू होलमध्ये गेला नाही तर त्या होलचा गुणच मिळत नाही. मागच्या गटात तोच पट मन लावून खेळणारा आणि चुकवणारा सभासद एका गुणाने हरला, तर भिडेखातर केलेला हा उदारपणा त्याच्या खिशातून झालेला असतो. लागू होणारा दंड माहीत असूनही तो धरायचा नाही असे दोघांनी संगनमताने ठरवले, तर दोघेही बाद होतात, असे मूळ नियमच सांगतात.

स्टेबलफोर्डची खरी सोय वेगळीच आहे. पार 4 च्या होलवर एक फटका मिळणाऱ्याचे सहा फटके झाले आणि चेंडू अजून बाहेरच असेल, तर सातव्यावर (नेट पारपेक्षा दोन जास्त) त्याला शून्यच मिळणार असते. त्याने चेंडू निमूटपणे उचलून खिशात टाकावा. त्यात कमीपणा नाही आणि मागचे चौघे खोळंबत नाहीत. चेंडू शोधण्याची तीन मिनिटांची मर्यादाही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. 2019 च्या नियमांनी ती पाचावरून तीनवर आणली. त्याच वर्षी आलेला एक स्थानिक नियम प्रत्येक मित्रमंडळाने स्वीकारावा असे मला वाटते : चेंडू हरवला तर मागे टीपर्यंत पायपीट न करता, तो हरवला असावा त्या जागेच्या रेषेत, फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या) कडेला दोन दंडाच्या फटक्यांसह ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडून पुढे खेळता येते. नामांकित स्पर्धांसाठी तो नाही, आपल्यासारख्यांसाठीच आहे.

आगाऊ पैशांबाबत थोडक्यात सांगतो. मैदान खेळाडूंच्या संख्येवर राखले जाते आणि आयत्या वेळी तिघे गळाले की भुर्दंड आयोजकाला पडतो. बदली खेळाडू मिळाला तर पैसे परत, नाहीतर नाही, एवढे एक वाक्य पुरते.

मनमानीची भीती मला मान्य आहे, आणि उपाय फार अवघड नाही. पैसे एकाकडे, हँडिकॅप दुसऱ्याकडे, आणि हँडिकॅप पाहणाऱ्याचा स्वतःचा हँडिकॅप उरलेल्यांनी ठरवायचा. कपातीचे कोष्टक हंगामाच्या आधी सर्वांना पाठवावे आणि हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नये, मग ते कुणाच्याही मुळावर येवो. 1744 ची व्यवस्था तर याहून धीट होती : स्पर्धेचा विजेताच कॅप्टन होई आणि वर्षभराचे खेळातले तंटे तोच सोडवी. पहिला मान जॉन रॅट्रे या शल्यचिकित्सकाला मिळाला. आज विजेत्याच्याच हाती न्यायनिवाडा द्यावा असे मी सुचवले असते, तर आपली प्रतिक्रिया याच्या दुप्पट लांब झाली असती.

कपात अजिबात मान्य नसलेल्या सभासदाने मंडळ सोडावे का, असे आपण शेवटी विचारले आहे. सोडू नये. त्याच्यासाठी हँडिकॅप न धरता मोजलेल्या स्टेबलफोर्ड गुणांचे एक बक्षीस प्रत्येक स्पर्धेत ठेवावे. ते एकूण फटक्यांवर देऊ नये, कारण मग कुणीच चेंडू उचलणार नाही आणि सगळा खेळ रेंगाळेल. या बक्षिसाच्या हिशेबात कपातीचा रकाना येतच नाही, आणि ते जिंकणाऱ्याची पुढच्या वेळी त्यापायी कपातही होत नाही.