खारफुटीवरचे आरोप आणि भरतीचं पाणी

मुंबई-ठाण्यापासून अलिबाग-पेणपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, म्हणणं तेच राहतं. खाडीकाठची खारफुटी (मॅन्ग्रोव्ह) म्हणजे चिखलातली निरुपयोगी झुडपं. ती डास पोसते, शेती गिळते. तशीही ती वाढतेच आहे आणि रस्त्यासाठी तोडावी लागलीच, तर दुसरीकडे तिप्पट झाडं लावता येतात. पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात वाईट हेतू नसतो. म्हणून प्रत्येक मुद्द्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

आधी डास. मुंबईत मलेरिया मुख्यतः ॲनोफिलिस स्टिफेन्सी हा डास पसरवतो. त्याची मादी अंडी घालते इमारतींवरच्या टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामांवर साचलेल्या स्वच्छ पाण्यात. डेंगीच्या एडिसला कुंडीखालची बशी किंवा जुना टायर पुरतो. क्युलेक्स वाढतो तो गटारात. खाडीत मात्र दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओसरते. तिथे पाण्याला साचायला सवड मिळत नाही, आणि डबक्यांत जे उरतं त्यातल्या अळ्या मासे खातात. मचूळ पाण्यात वाढणारे डासही आहेत, हे खरं. पण ते माजतात ते जिथे डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, टाकून भरतीची वाट बुजवली आणि पावसाचं पाणी मागे तुंबलं तिथे. तिथे झाडं तोडून काही साधत नाही, डेब्रिज उचलायला हवं.

शेतीचा आरोप मला जास्त गंभीर वाटतो, कारण तो करणाऱ्यांनी खरोखर जमिनी गमावल्या आहेत. रायगडच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या सखल पट्ट्यात, पिढ्यान् पिढ्या बांध घालून भात पिकवलं गेलं. ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीचं पाणी आत येत नाही, अशी ती व्यवस्था. बांधाला खांड पडली आणि वेळेवर बुजवली नाही, की उधाणाचं पाणी शेतात शिरतं. भात जातं. काही वर्षांत तिथे तिवर ही खारफुटीची जात उभी राहते आणि मग ते तोडायला कायद्याची आडकाठी येते. शेतकऱ्याचा संताप रास्तच आहे. पण घडलं कोणत्या क्रमाने ते पाहा: आधी खांड, मग खारं पाणी, सगळ्यात शेवटी तिवर. ते उपटून टाकलं तरी बांध फुटलेलाच राहतो आणि माती खारीच राहते. उलट बांधाच्या बाहेर खारफुटीचा पट्टा असेल, तर लाटांचा मार आधी तिच्यावर बसतो. गोव्यातल्या खाजनांत, म्हणजे तिथल्या अशाच बांधबंदिस्त शेतजमिनींतही, बांध आणि मानस (पाण्याचं दार) सांभाळण्यावरच सगळं अवलंबून असतं. आपल्याकडे खारभूमी विकासाचा कायदा १९७९ पासून आहे. बांधांची डागडुजी वेळेवर झाली पाहिजे, ही मागणी त्या कायद्याला धरून जोरात करायला हवी, आणि त्यात खारफुटीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी शेतकऱ्यांसोबत उभं राहायला हवं.

‘निरुपयोगी चिखल’ म्हणणाऱ्यांनी एकदा ओहोटीच्या वेळी खाडीकाठी तासभर थांबावं. तिवराची श्वसनमुळं चिखलातून हजारोंनी वर आलेली असतात, कारण त्या गाळात मुळांना हवा मिळत नाही. तिवराचं पान जास्तीचं मीठ बाहेर टाकतं. उन्हात त्याचे कण चमकतात. कांदळ या दुसऱ्या जातीचं बी झाडावरच रुजतं आणि लांब हिरव्या शेंगेसारखं लोंबत राहतं, मग सुटून चिखलात पडतं. निवट्या हे चिखलातले मासे उड्या मारत असतात, एकाच मोठ्या नांगीचे खेकडे ती नांगी हलवत बिळांबाहेर बसलेले असतात. कोळंबीची आणि जिताड्याची पिल्लं याच पाण्यात वाढतात, त्यामुळे बाजारात मासळीचा भाव करणाऱ्या प्रत्येकाचा या चिखलाशी संबंध आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या महिला होडीतून लोकांना हे सगळं दाखवतात आणि त्यावर कमाई करतात. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्याचा अभ्यास झाला. ज्या गावांसमोर खारफुटीचा रुंद पट्टा होता, तिथे माणसं कमी दगावली होती. खारफुटी समुद्राच्या चढत्या पाण्याचा जोर मोडते.

ती वाढतेच आहे, हेही खरं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्रातली खारफुटी २०१५ साली २२२ चौरस किलोमीटर होती, २०२१ साली ३२४. पण याच काळात ती तोडायला बंदी होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर बंदी आणली, २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. बंदी असताना झालेली वाढ दाखवून बंदी सैल करा म्हणणं मला पटत नाही.

राहिली तिप्पट झाडं. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी वीस हजारांहून अधिक खारफुटी तोडायला परवानगी दिली, तेव्हापासून हा मुद्दा जास्तच ऐकू येतो. कांदळ, चिप्पी, तिवर या खारफुटीच्या जातींच्या जागा पाण्याच्या चढउतारावर ठरतात. चुकीच्या पातळीवर लावलेलं रोप बुडून मरतं किंवा वाळून जातं. भरती जिथे आपोआप पोचते तिथे खारफुटी बहुधा स्वतःच उगवते. जिथे उगवलेली नाही, तिथे का नाही हे आधी शोधावं लागतं. मोकळी दिसते म्हणून ओहोटीच्या चिखलावर लागवड करणं तर आणखी घातक, कारण रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आपलं खाणं तिथेच टिपतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला त्यात या उघड्या चिखलाचाही वाटा आहे. भरतीला तो बुडाला की पक्षी नवी मुंबईतल्या पाणथळींवर येऊन बसतात. तिथल्या एका तळ्यात भरतीचं पाणी येईनासं झालं, तेव्हा २०२४ मध्ये रोहित मेल्याच्या बातम्या आल्या होत्या.

तेव्हा एखाद्या प्रकल्पाच्या कागदावर ‘तिप्पट’ हा शब्द दिसला, की जनसुनावणीत हे प्रश्न लेखी द्यावेत: जागा नेमकी कोणती, तिथे भरती पोचते का, आज तिथे काय जगतं आहे आणि पाच वर्षांनी जगलेली रोपं कोण मोजणार?