60 अंश दक्षिणेला कोणी गेट लावलेलं नाहीये

तो फॉरवर्ड एव्हाना सगळ्यांकडे येऊन गेला असेल. 60 अंश दक्षिण अक्षवृत्ताच्या पलीकडे, म्हणजे अंटार्क्टिकाकडे, जायला माणसाला बंदी आहे, 1959 ला सगळ्या देशांनी मिळून तसा करार केलाय, गेलात तर नौदल अडवतं, वरून विमानंही जात नाहीत, म्हणजे तिकडे काहीतरी लपवलंय आणि 2048 ला करार संपला की सगळं बाहेर येणार! ऐकायला भारी आहे, पण एकेक बघू.

करार खरा आहे. 1 डिसेंबर 1959 ला सह्या झाल्या, त्याही 12च देशांच्या, आणि 1961 पासून तो लागू आहे. 60 अंशाचा उल्लेख सहाव्या कलमात येतो, पण ते पूर्ण वाचायचे कष्ट फॉरवर्डवाल्यांनी घेतलेले दिसत नाहीत, कारण त्याच कलमात पुढे लिहिलंय की खुल्या समुद्रावरचे देशांचे हक्क आहेत तसेच राहतील, म्हणजे जहाजाने ती रेघ ओलांडायला करार आडवा येतच नाही. बंदी आहे ती लष्करी तळ, युद्धसराव, अणुस्फोट असल्या गोष्टींना. वर सातव्या कलमानुसार निर्णयाचा हक्क असलेल्या देशांचे निरीक्षक कधीही, कुठेही जाऊन कोणाचंही स्टेशन तपासू शकतात. लपवायचं असतं तर असलं कलम कोण घालेल राव?

आता नौदल. हे अक्षवृत्त साधारण 20 हजार किमी लांब आहे, विषुववृत्ताच्या निम्मं, आणि अख्खं पाण्यातून जातं, वाटेत जमीन नाहीच. तिथे पहारा द्यायचा म्हणजे किती जहाजं लागतील याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. प्रत्यक्षात तिथे दिसतात ती क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) आणि टूथफिश मासे पकडणारी जहाजं, आणि क्रूझ. 2022-23 च्या सीझनला एक लाखाच्या वर टुरिस्ट जाऊन आले, बहुतेक जण अर्जेंटिनातल्या उशुआयाहून ड्रेक पॅसेज म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधल्या समुद्रातून, जिथे समुद्र खवळलेला असला की निम्मं जहाज ओकाऱ्या काढत आडवं पडलेलं असतं. अडवाअडवी होते ती किनाऱ्यावर उतरताना, आणि ती अशी की बूट जंतुनाशकात बुडवून घासायचे, जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेल्या बिया वेचून काढायच्या, पेंग्विनपासून 5 मीटर लांब राहायचं, एका जागी एका वेळी 100 च माणसं. 500 पेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज तर कोणाला उतरवतच नाही. हां, परमिट लागतं हे खरंय, 1991 च्या माद्रिद प्रोटोकॉलनंतर (तिथलं पर्यावरण जपायला आणि खाणकाम बंद ठेवायला केलेला जोडकरार) नियम कडक झाले, भारतानेही 2022 ला स्वतःचा कायदा केला. पण परमिट लागणं म्हणजे बंदी असेल तर मग परदेशात जायलाही बंदीच म्हणायची.

विमानांचं तर काय बोलणार. 1977 पासून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून खास अंटार्क्टिका दाखवायला विमानं जायला लागली, त्यातलंच एअर न्यूझीलंडचं एक विमान 28 नोव्हेंबर 1979 ला माउंट एरेबसवर आदळलं आणि आतले सगळे 257 जण गेले. रोजची विमानं तिकडून फारशी जात नाहीत कारण त्या वाटेने जोडायला शहरंच मोजकी, शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ हाताशी लागतो. तरी सिडनी-सँटियागो विमान कधीकधी 60 अंशाच्याही दक्षिणेकडून जातं.

लपवलंय म्हणणाऱ्यांसाठी एवढंच की डिसेंबर 2024 ला सपाट पृथ्वीवाले काही यूट्यूबर थेट अंटार्क्टिकातल्या युनियन ग्लेशियरला गेले, जवळपास 80 अंशावर, आणि 24 तास न मावळणारा सूर्य बघून आले. कोणी अडवलं नाही!

राहिलं 2048. कराराला एक्सपायरी डेटच नाहीये. 2048 येतं ते माद्रिद प्रोटोकॉलमधून, तो 1998 ला लागू झाला आणि 50 वर्षांनी निर्णयाचा हक्क असलेला कुठलाही देश त्याचा आढावा घ्यायला बैठक मागू शकतो, बस. त्यातही खाणबंदी उठवायची तर आधी खाणकामाचे बंधनकारक नियम लागू असायला हवेत असं प्रोटोकॉलच म्हणतो, त्यामुळे 2048 ला फार तर एक मीटिंग होईल, तीही कोणी मागितली तर.