‘हर्बल आहे, धडधडलं तरी घाबरू नका’ या मेसेजला उत्तर

गेल्या दोन आठवड्यांत एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला: सोसायटीच्या, माहेरच्या आणि गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चालणाऱ्या आम्हा बायकांच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘वजन कमी करणाऱ्या हर्बल कॅप्सूल शंभर टक्के नैसर्गिक, म्हणून साइड इफेक्ट शून्य. पंधरा दिवसांत सात किलो. सरकारमान्य आहेत, एफएसएसएआयचा नंबर बघा. सुरुवातीला छातीत धडधडलं, झोप उडाली तर घाबरू नका, चरबी वितळतेय. अमेरिकेने अशा वनस्पतींवर बंदी घातली ती औषध कंपन्यांच्या दबावामुळे.’

मी फार्मासिस्ट आहे, पंचवटीत माझं मेडिकल आहे. मंगळवारी आमच्या नेहमीच्या एक काकू पर्समधून डबी काढून म्हणाल्या, “ताई, हे बीपीच्या गोळीबरोबर चालेल ना गं?” डबी पुढे करताना त्यांची बोटं थरथरत होती. मशीन लावलं. 168 वर 102, नाडी 116. एरवी त्यांचं वरचं बीपी 130 च्या आसपास असतं. नऊ दिवस रोज दोन कॅप्सूल घेत होत्या. भाचीनेच विकल्या होत्या, आणि धडधड सुरू झाल्यावर तिनेच हा मेसेज पाठवला होता. म्हणून एकेक वाक्य धरून लिहिते.

धडधडीपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात घातक सल्ला तोच आहे. चरबी वितळताना छाती धडधडत नाही. धडधडते ती उत्तेजक द्रव्यामुळे. काकूंच्या डबीवर ग्रीन टीचा अर्क, ग्रीन कॉफी आणि ग्वाराना अशी तीन वेगवेगळी नावं होती. तिन्हींत कॅफीन असतं. ग्वाराना ही ब्राझीलकडची वेल, तिच्या बियांत कॉफीच्या बियांपेक्षा जास्त कॅफीन. चौथं नाव कडू संत्र्याच्या सालीचं. त्यात सिनेफ्रिन असतं, ठोके आणि बीपी वाढवणाऱ्या एफेड्रिनच्या जातकुळीतलं. सगळं मिळून ‘ब्लेंड 850 मिलिग्रॅम’ एवढंच छापलेलं. कशाचं किती, ते नाही. निरोगी माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन साधारण चालतं असं युरोपची अन्नसुरक्षा संस्था सांगते, पण आकडाच छापला नसेल तर मोजायचं काय? सर्दीच्या काही गोळ्यांत एफेड्रिनची सख्खी बहीण असते. ती गोळी देताना आम्ही बीपी आहे का, हृदयाचा त्रास आहे का, हे विचारतो. काकूंना ही डबी देताना कोणी विचारलं नव्हतं. छाती धडधडली, चक्कर आली, हाताला कापरं भरलं, तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करायची आणि डॉक्टर गाठायचा. छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल.

‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ हे तर आपल्या कंपाउंडमध्येच खोटं ठरतं. पिवळी कण्हेर नाशिकच्या निम्म्या सोसायट्यांत आहे. लहानपणी आम्ही तिच्या बिट्ट्यांनी खेळायचो आणि आजी ओरडायची, तोंडात घालू नका म्हणून. आजीचं बरोबर होतं. त्या बियांतलं विष थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. अमेरिकेत 2023 मध्ये वजन कमी करायला म्हणून तेहोकोते नावाच्या मेक्सिकन झाडाचं मूळ विकलं जात होतं. तपासणीत आत निघाली हीच पिवळी कण्हेर. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना सावध केलं. आणि आयुर्वेदाचा आधार घ्यायचाच असेल तर पूर्ण घ्या. नीट योजलं तर जालीम विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं दिलं तर औषधाचंही विष होतं, हे चरकसंहितेतच आहे. आयुर्वेदिक औषधांच्या कायद्यातही विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे. ती वापरली तर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्या’ असं छापावं लागतं. आपल्याच म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठातून दरवर्षी वैद्य तयार होतात. त्यांतला कोणीही प्रकृती न पाहता, बीपी-थायरॉइड न विचारता एकच कॅप्सूल सगळ्या ग्रुपला देणार नाही.

परवान्याचं. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर धंद्याचा असतो. आपण मिसळ खातो त्या हॉटेलच्या भिंतीवरही तसाच नंबर लावलेला असतो. ‘ही डबी प्रयोगशाळेत तपासली, वजन कमी होतं हे सिद्ध झालं’ असा त्याचा अर्थ नाही. शिवाय तो परवाना अन्नाचा आहे. आयुर्वेदिक औषध असेल तर राज्याचा औषध-उत्पादन परवाना लागतो आणि प्रत्येक घटक प्रमाणासह छापावा लागतो. काकूंच्या डबीवर पुढे ‘आयुर्वेदिक’ आणि मागे अन्नाचा नंबर होता. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला तर 1954 च्या जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे.

त्याहून मोठी भीती न छापलेल्या घटकाची. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध. हृदयरोग असलेल्यांत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसल्यावर 2010 मध्ये ते युरोप-अमेरिकेतून गेलं, 2011 मध्ये भारताने बंद केलं. त्यानंतरही ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या कॅप्सूलमध्ये ते पुन्हा पुन्हा सापडलं आहे. कॅप्सूल ‘फारच गुणकारी’ वाटली की मला पहिली शंका तीच येते.

सात किलोचा हिशेब घरी करून बघा. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. सात किलोंना 53,900, म्हणजे पंधरा दिवस रोज सुमारे 3,600 कॅलरींची तूट. एवढं तर आपण दिवसभरात खातही नाही. काट्यावर जे उतरतं त्यात पाणी असतं, आणि सोनामुखी घातली असेल तर जुलाब.

आता अमेरिकेची बंदी. ती वनस्पती एफेड्रा, चिनी नाव मा-हुआंग. वर आलेलं एफेड्रिन हिच्यातलंच. चिनी वैद्यकात ती दमा-सर्दीसाठी देत, वजनासाठी महिनोन्‌महिने नव्हे. 1994 च्या तिथल्या कायद्याने पूरक आहार, म्हणजे अशा सप्लिमेंटच्या गोळ्या-कॅप्सूल, विकण्याआधी सुरक्षितता सिद्ध करावी लागत नाही. धोका दाखवण्याचं ओझं सरकारवर. फेब्रुवारी 2003 मध्ये स्टीव्ह बेक्लर हा 23 वर्षांचा बेसबॉल खेळाडू सरावात उष्माघाताने गेला, तो एफेड्राच्या गोळ्या घेत होता. त्याच वर्षी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले गेले. फायदा निघाला महिन्याला जेमतेम 900 ग्रॅमचा, तोही थोड्याच महिन्यांपुरता. धडधड, उलट्या, मानसिक त्रास यांची शक्यता मात्र दुप्पट ते साडेतीन पट. एप्रिल 2004 मध्ये बंदी लागू झाली. उत्पादक कंपनी कोर्टात गेली आणि 2006 मध्ये अपील कोर्टाने बंदी कायम ठेवली. म्हणजे बंदीविरुद्ध कोर्टात जाणारी कंपनीच होती, आणि ती पूरक आहार विकणारी.

काकूंनी कॅप्सूल त्याच दिवशी बंद केल्या आणि संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डबी मी त्यांना फेकू दिली नाही. तुमच्याकडे अशी डबी असेल आणि त्रास झाला असेल तर उरलेल्या कॅप्सूल, लेबल, बॅच नंबर आणि बिल जपून ठेवा. औषधाचा दुष्परिणाम 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवता येतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात द्या. भाचीशीही मी बोललेय. या बॅचचा तपासणी अहवाल कंपनीकडे लेखी माग, एवढंच तिला सांगितलं. ती रडवेली झाली होती. तिची आईही याच कॅप्सूल घेतेय.