सायकल मॅकमिलनची नाही, कार्ल ड्राइसची

दर 3 जूनला, जागतिक सायकल दिनाला, तो मेसेज फिरतोच. स्कॉटलंडच्या कर्कपॅट्रिक मॅकमिलन नावाच्या लोहाराने 1839 मध्ये जगातली पहिली सायकल बनवली, 1842 मध्ये तो तिच्यावर बसून ग्लासगोला गेला, तिथे एका मुलीला धक्का लागला म्हणून पाच शिलिंग दंड भरला, आणि त्याआधी जर्मनीत जे होतं ते एका वेडसर सरदाराचं बिनपायडलचं खेळणं होतं. जीकेच्या पुस्तकांतही 'सायकल – मॅकमिलन – 1839' असंच छापलेलं असतं, परवा भाची ते मोठ्याने पाठ करत होती आणि मला राहवेना, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ते 1839. त्या वर्षीचा एकही कागद नाही, पेटंट नाही, चित्र नाही, आणि ती गाडीही नाही. हे साल पुढे आलं 1890 च्या दशकात, मॅकमिलन 1878 मध्ये वारला त्यानंतर कितीतरी वर्षांनी. जेम्स जॉन्स्टन म्हणून ग्लासगोचे एक धान्याचे व्यापारी, मॅकमिलनच्या नात्यातले, त्यांनी जुन्या लोकांच्या आठवणी गोळा केल्या, आणि सायकलच्या जन्माचा मान आपल्या डम्फ्रीजला, म्हणजे मॅकमिलनच्या भागाला, मिळावा हा हेतू त्यांनी लपवलाही नव्हता. आता मॅकमिलनची गाडी म्हणून जी रचना दाखवतात, म्हणजे पुढे पायाने दांडे हलवायचे आणि मागचं चाक फिरवायचं, तशा गाड्या 1869 मध्ये थॉमस मॅकॉल नावाचा किल्मारनॉकचा कारागीर बनवत होता आणि 90 च्या दशकातला 'मॅकमिलन' नमुनाही त्याच्याच हातचा. म्हणजे पुरावा म्हणून दाखवतात तीच वस्तू पन्नासेक वर्षांनंतरची.

आता तो दंड. बातमी खरी आहे, 1842 च्या ग्लासगोच्या पेपरात आली होती, पण ती वाचा तरी. त्यात मॅकमिलनचं नावच नाही. थॉर्नहिलहून आलेला एक 'जंटलमन' फुटपाथवरून व्हेलॉसिपीड, म्हणजे माणसाच्या जोरावर चालणारी गाडी, चालवत होता आणि एक मूल पडलं, एवढंच आहे. थॉर्नहिल मॅकमिलनच्या भागातलं गाव आहे हे मी मान्य करतो, पण गावच्या लोहाराला त्या काळात पेपरवाले जंटलमन म्हणत नसत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या गाडीची चाकं हाताने क्रँक फिरवून चालायची असं बातमीत स्पष्ट लिहिलंय! हाताने, पायाने नाही. चाकं किती होती तेही दिलेलं नाही, तीन असतील, चार असतील. यावरून पायडलची दुचाकी सिद्ध होत नाही.

मग 'खेळणं' हा मुद्दा, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

मेसेजमधला तो सरदार म्हणजे कार्ल ड्राइस, जन्म 1785, कार्ल्सरूहे, नोकरी जर्मनीतल्या बाडेन संस्थानाच्या जंगलखात्यात. 12 जून 1817 ला तो मॅनहाइममधल्या घरून श्वेट्झिंगनच्या रस्त्यावरच्या टपालाच्या ठाण्यापर्यंत गेला आणि परत आला, जाऊनयेऊन साधारण 13-14 किलोमीटर, तासाभराच्या आत, आणि तेही 22 किलोच्या लाकडी गाडीवर. एकामागे एक दोन चाकं, त्यांना लोखंडी धावा, आसांना पितळेचे बुश, मागच्या चाकाला दोरीने ओढायचा ब्रेक, कोपरं टेकायला गादी लावलेली फळी आणि पुढचं चाक वळवायला दांडा. पायाने जमीन रेटायची आणि वेग आला की पाय उचलायचे.

पाय उचलायचे, इथेच तर सगळं आहे. दोन चाकांवर माणूस पडत नाही, कारण ज्या बाजूला तोल जातो त्याच बाजूला हँडल थोडं वळवलं की चाकं त्याच्या खाली येतात, हे ड्राइसच्या आधी कोणी करून दाखवल्याचा पुरावा नाही. आम्ही तासावर भाड्याने सायकल आणून शिकायचो तेव्हा दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचो, पण त्याच्याही आधी एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्याने रस्ता रेटत जायचो, आणि ज्या दिवशी रेटणारा पाय उचलला तरी सायकल उभी राहिली त्या दिवशी सायकल आली. पायडल मारणं त्यानंतर दोन दिवसांत येतं. आता लहान मुलांना बिनपायडलच्या छोट्या सायकली देतात त्यामागे हेच आहे, त्यांची रचना थेट ड्राइसची.

पायडल जोडलं गेलं ते 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये, आणि त्याचा कागदही आहे, पिएर लालमाँचं 20 नोव्हेंबर 1866 चं अमेरिकन पेटंट. मध्ये पन्नास वर्षं गेली, पण पाया तोच. ड्राइसला 12 जानेवारी 1818 ला बाडेनच्या ग्रँड ड्यूकने दहा वर्षांचा हक्क लिहून दिला, तोही दप्तरी आहे.

राहिला 'वेडसर'. हे वाचलं की खरंच वाईट वाटतं. त्याचे वडील बाडेनचे वरिष्ठ न्यायाधीश, 1820 मध्ये कार्ल सँड या विद्यार्थ्याला खुनाबद्दल मृत्युदंड झाला, वडिलांनी माफीला नकार दिला, आणि त्याचा राग लोकांनी मुलावर काढला, इतका की 1822 मध्ये तो ब्राझीलला मोजणीच्या कामाला निघून गेला. त्याच सुमारास त्याने 25 कळांचं टाइपरायटर केलं होतं. मॅकमिलनचं म्हणून सांगतात ते 1839 उजाडलं तेव्हा ड्राइस जीवघेण्या हल्ल्यातून वाचून वाल्डकाट्झेनबाख नावाच्या डोंगरातल्या खेड्यात राहायला गेला होता. 1849 च्या बाडेनमधल्या क्रांतीत त्याने सरदारकी जाहीरपणे सोडली, मी नुसता नागरिक कार्ल ड्राइस म्हणून. क्रांती प्रशियन सैन्याने चिरडली, राजाच्या पक्षाच्या लोकांनी त्याला वेडा ठरवून कोंडायचा प्रयत्न केला आणि क्रांतीचा खर्च म्हणून त्याची पेन्शन काढून घेतली. वेडसर हा शिक्का तिथून आलाय. 10 डिसेंबर 1851 ला तो कार्ल्सरूहेतच कफल्लक अवस्थेत गेला.