फीडर लावून पंधरा दिवस बिनधास्त? जरा थांबा

मे लागला की नागपुरात दोन कामं निघतात: कूलरच्या ताट्या बदलायच्या आणि पचमढी नाहीतर चिखलदऱ्याचं बुकिंग बघायचं. घरात फिश टँक असेल तर तिसरं म्हणजे तो मेसेज. यंदा मला तिघांनी पाठवला. "मासे दोन दिवस उपाशी राहिले तर मरतात. बाहेरगावी जाताना ऑटोमॅटिक फीडर घ्या, डबा गच्च भरा, दिवसातून तीन वेळा सेट करा, पंधरा दिवस बिनधास्त फिरा."

फीडर, म्हणजे ठरल्या वेळी टँकमध्ये आपोआप दाणे टाकणारं यंत्र, वाईट नाही, माझ्याकडेही आहे. पण हा मेसेज जसाच्या तसा पाळला, तर परत आल्यावर टँकचा वास दारातच येईल.

आधी ते दोन दिवसांचं. मासा थंड रक्ताचा. अंग गरम ठेवायला आपल्याला जेवढं अन्न लागतं, तेवढं त्याला लागत नाही. धडधाकट, पूर्ण वाढलेले गप्पी, मॉली, टेट्रा, गोल्डफिश चार-पाच दिवस काही न खाता आरामात राहतात, बहुतेक आठवडाही काढतात. शेवाळ असलेल्या जुन्या टँकमध्ये तर ते दिवसभर काही ना काही टिपतच असतात. अपवाद पिल्लांचा. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना दिवसातून अनेकदा थोडं थोडं लागतं, तिथे फीडर खरंच कामाचा. पण शनिवार-रविवारसाठी ताडोब्याला चाललात आणि त्यासाठी फीडर घेताय? काहून बाप्पा?

"तीन वेळा सेट करा" हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, त्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण रोजच्या सवयीच्या भारापुरतंच. भार एकदम वाढवला तर ते पुरे पडत नाहीत. त्यात आपला उन्हाळा. बाहेर 45 अंश, घर बंद, कूलर बंद. टँकचं पाणीही तापत जातं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना तो 7.5 च्या आसपास येतो. शिवाय पाणी जितकं गरम, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. म्हणजे नेमक्या ज्या दिवसांत कमी टाकायला हवं, त्याच दिवसांत मेसेज तिप्पट टाकायला सांगतो! घरी नसताना दिवसातून एकदा, तेही नेहमीच्या निम्मं, पुष्कळ झालं.

आता लाइट गेल्याचा विचार करा. बहुतेक फीडर पेन्सिल सेलवर चालतात आणि ते त्याचं मोठं कौतुक सांगितलं जातं. पण लाइट गेली की फिल्टर बंद, एअर पंप बंद, आणि हा गडी मात्र वेळ झाली की दाणे टाकतोच. घरात इन्व्हर्टर असेल तर एअर पंप आधी त्या लाइनवर घ्या. त्याला जेमतेम काही वॅट लागतात. माझं ऐकाल तर फीडरच्या आधी तेवढं करा.

"डबा गच्च भरा." फिरत्या ड्रमच्या फीडरमध्ये दाण्यांचा डबाच गोल फिरतो. एका फेरीत किती पडेल हे त्या डब्याच्या खिडकीच्या फटीवर जसं ठरतं, तसंच आत माल किती आहे यावरही. गच्च भरलेल्या ड्रममध्ये दाणे नीट लोळतच नाहीत. आणि ओल! मी पहिल्यांदा फीडर लावला तो हॉलमध्ये, कूलरच्या झोतात, टँकचं झाकण उघडं. दोन दिवस काहीच पडलं नाही. तिसऱ्या दिवशी फ्लेक्सचा, म्हणजे पातळ पापुद्र्यांसारख्या फिश फूडचा, अख्खा गोळा धपकन पाण्यात. नशीब, मी घरीच होतो. तेव्हापासून फ्लेक्स बंद, बारीक कोरडे दाणे, ड्रम निम्माच, आणि फीडर अशा जागी जिथे खालून वाफ लागत नाही.

घ्यायचाच असेल तर वायफाय-बियफायच्या नादी लागू नका. फट कमी-जास्त करता येते का, दिवसातून एकदाच टाकायची सोय आहे का आणि तो काठावर घट्ट बसतो का, एवढं बघा. मग नवे सेल घालून पेपरवर सात-आठ फेऱ्या फिरवा आणि दर फेरीला पडलेले दाणे मोजा. त्यानंतर आठवडाभर घरी असतानाच टँकवर चालवा. निघायच्या आदल्या रात्री पहिल्यांदा लावलेला फीडर म्हणजे जुगार.

पंधरा दिवसच जायचं असेल, तर फीडर असूनही कुणीतरी एक-दोनदा डोकवायलाच हवं. बाष्पीभवनाने पाणी उतरतं, एखादा मासा मेला तर काढावा लागतो, ते फीडर करत नाही. मी शेजारच्या काकूंना किल्ली देतो. फीडर न लावता गेलो तर दिवसाची एक अशा छोट्या पुड्या बांधून ठेवतो, वर तारीख लिहून. फूडचा डबा मात्र कपाटात. काकूंना माशांची फार दया येते.